पहिला घास कुणाचा

हंगामातली पहिली पेटी उघडली की लगेच आंब्याचा वास येत नाही. आधी येतो तो पुठ्ठ्याचा, विमानाच्या पोटात गारठलेल्या पुठ्ठ्याचा. मग कागदाची कातरणं बाजूला सारताना बोटांना थोडी ऊब लागते, आणि त्या उबेमागून तो हळूच येतो. बेसिंगस्टोकमध्ये या दिवसांत बाहेर अजून कोट लागतो. आमची गाडी रस्त्यावर भिजत उभी असते, कारण गॅरेज माझं असतं. नवरा दर वर्षी विचारतो, "अगं, गाडीला काही हक्क आहे की नाही?" मी दर वर्षी सांगते, "जून संपू दे, मग बोलू." लेक शाळेतून येते आणि दारातूनच ओरडते, "आई, तुझी आंबा आली?" इथे जन्मलेली पोर. पूर्वी मी दुरुस्त करायचे. आता म्हणते, "आली, हात धुऊन ये."

यंदा पेट्या उघडताना सरिताच्या लॅपटॉपवर नेपाळी रेडिओ लागला होता. सरिता आंब्याच्या दिवसांत माझ्याकडे कामाला येते. निवडणं, पुसणं, पेट्या भरणं, आणि हॅरोच्या दुकानदारांना माझा राग उतरेपर्यंत फोनवर थोपवून धरणं. रेडिओवर एकावर एक आवाज चढत होते. तिकडे सरकार पडलं म्हणे. देश नवा होऊन पुरतं वर्षही झालं नाही.

"बंद कर ते," मी म्हटलं.

"राहू दे, दिदी," ती म्हणाली. "भांडताहेत म्हणजे आहेत अजून."

सरिता हिंदीत नेपाळी मिसळून बोलते, मी हिंदीत मराठी. इथे सगळंच मी मराठीत लिहिते आहे, तिची हरकत नसावी. तिच्या त्या एका वाक्यासरशी गेल्या वर्षीचा अख्खा हंगाम माझ्यासमोर उभा राहिला. मी कामाच्या वेळी आठवणी काढणारी बाई नाही. पण त्या दिवशी हातातला आंबा हातातच राहिला.

मी भांडकुदळ आहे असं इथल्या निम्म्या मराठी घरांत मानतात. उरलेल्या निम्म्या घरांना ते अनुभवाने माहीत आहे. आमच्या भागातलं मराठी मंडळ मी उभं केलं. हॉल मी मिळवला, गणपतीची आरास माझ्या गॅरेजमध्ये झाली, पहिल्या दिवाळीला चकल्या माझ्या स्वयंपाकघरात तळल्या. मग हिशोबाच्या शिस्तीवरून मी एकाला चार लोकांत सुनावलं. त्याचा राग त्याला आला, आणि त्याच्याबद्दलची सहानुभूती शुभदाला. शुभदा माझी मैत्रीण होती. पुढच्या सभेत माझं पद गेलं आणि मला सल्लागार नेमण्यात आलं. शिवी दिली असती तर मी परत दिली असती. सल्लागार म्हटल्यावर काय देणार? मी उठून आले, माझ्याबरोबर काही घरं उठली, आणि तेव्हापासून आमच्याकडे दोन मंडळं आहेत, दोन गणपती आहेत आणि दोन्हीकडे ढोल वाजवणारे कमी पडतात. शुभदा दुकानात दिसली की मी दुसऱ्या रांगेत जाते. अजूनही जाते.

हे सांगायचं कारण असं की गेल्या वर्षी नेपाळी लोक आपला तंटा घेऊन माझ्याकडे आले ते याच कीर्तीमुळे. जी बाई स्वतःच्या लोकांनाही सोडत नाही ती आमच्यात कुणाची बाजू घेणार नाही, असा त्यांचा हिशोब.

मी नाशिकच्या बाजारात वाढले. वडील दलाल होते. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरून भाव ठरवायचा, वर मात्र हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, हे मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. ते म्हणायचे, "पोरी, बोट दिलंस की परत मागता येत नाही. म्हणून शेवटचं बोट मुठीतच ठेव." त्या शिकवणीवर मी या देशात उभी आहे. लेस्टरचे गुजराती व्यापारी केशर आंब्यापुढे दुसऱ्या फळाला फळ म्हणत नाहीत. त्यांच्या गळी मी हापूस उतरवलाय. तेव्हा नेपाळी मंडळींच्या हॉलचा सौदा तो काय!

गेल्या वर्षीचा मे महिना आठवा. तिकडे काठमांडूत निवडणूक होऊन गेली होती. दहा वर्षं एकमेकांवर बंदुका रोखलेले लोक एका सभागृहात बसायचे होते, आणि बसून राजाला घरी पाठवायचे होते. जुने लोकशाहीवाले पक्ष आणि बंदूक खाली ठेवून आलेला पक्ष, दोघे मिळून नवा देश करणार! सरिता आंबे पुसता पुसता हे सांगायची आणि तिचे हात आपोआप भरभर चालायचे. मलाही ते वेड लागलं. वर्तमानपत्रात नेपाळचं पान शोधू लागले. राजाशी माझं काय वाकडं होतं? पण एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एका दारातून आत जाताहेत, हे बघायला मला भयंकर आवडत होतं.

सरिताला मात्र नुसतं बघून भागणार नव्हतं. तिचा नवरा बिष्णू जुन्या पक्षाचा. तो एका पबच्या किचनमध्ये स्वयंपाकी आहे. तिचा थोरला भाऊ खेम, ती त्याला दाइ म्हणते, दुसऱ्या पक्षाचा, इथल्या एका गोदामावर पहारेकरी. दोघे एकाच गावचे. बिष्णूचे वडील त्या गावचे मास्तर. युद्धाच्या दिवसांत खेमच्या पक्षाच्या लोकांनी मास्तरांना गाव सोडायला लावलं. घर गेलं, शाळा गेली, मास्तर काठमांडूत भाड्याच्या खोलीत आले. खेमने स्वतः बंदूक धरली नव्हती, पण तो त्या लोकांतला होता, आणि त्या दिवशी गावात होता. बिष्णूने तेव्हा जे बोलणं टाकलं ते इथे येऊनही टाकलेलंच. घरं तीन गल्ल्यांच्या अंतरावर, आणि सरिता त्या तीन गल्ल्यांत ये-जा करणारी एकटी.

तिची मुलगी सृजना तेव्हा पाच महिन्यांची होत होती. त्यांच्यात मुलीला पाचव्या महिन्यात पहिला भात भरवतात, पास्नी म्हणतात त्याला. आपलं उष्टावण. भाऊ आला नाही तर पास्नी करणार नाही, असं सरिताने घरात सांगितलं होतं. आणि तो आला तर मी नसेन, असं बिष्णूने.

अशात दोन्ही पक्षांच्या इथल्या मंडळींना एकाच शनिवारी जल्लोष करायचा होता, आणि दोघांनाही तोच हॉल हवा होता. हॉलच्या किल्ल्या पॅमकडे. पॅम हॉल भाड्याने देते, माझी जुनी प्रतिस्पर्धी. घासाघीस करताना ती चहा करते, तेवढ्या वेळात मी नरमेन म्हणून. ती म्हणाली, "हॉल एक, किल्ली एक, लव्ह. त्यांचं आपसात काय ते ठरवून ये."

सरिताने माझ्याकडे पाहिलं. "दिदी, दोन ठिकाणी दोन जल्लोष झाले तर मी कुठे जाऊ? पोरीला घेऊन घरीच बसेन."

मी दोघांना गॅरेजमध्ये बोलावलं. बिष्णू स्टुलावर, खेम उलट्या क्रेटवर, मधे मी, आणि भोवती पिकायला ठेवलेले आंबे. दोघे माझ्याशीच बोलत होते.

"दिदी, त्यांना सांगा, स्टेजवर आमच्या पक्षाचा झेंडा लागणार."

"दिदी, त्यांना सांगा, राजा आमच्यामुळे जातोय."

"ते इथेच बसलेत," मी म्हटलं. "त्यांना ऐकू येतं."

"ऐकू येत असतं तर दहा वर्षं युद्ध कशाला चाललं असतं?" बिष्णू म्हणाला.

 मग मी आवाज चढवला. माझा आवाज चढला की शेजारचा कुत्रा भुंकतो, तोही भुंकला. मी म्हटलं, "झेंडा एकच, देशाचा. पक्षाचे झेंडे गाडीच्या डिकीत. स्वयंपाक दोघांच्या माणसांनी मिळून करायचा. आणि भाषणं नाहीत."

"भाषणं नाहीत?" दोघे एकदम ओरडले. "मग कार्यक्रम कसला?"

त्या दोघांचं इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं ते माझ्याविरुद्ध. मी मनातून खूश झाले. दोन्ही गिऱ्हाइकं दलालावर उखडली म्हणजे सौदा जमत आला. थोड्या वेळाने दोघांनीही मान डोलावली. सरिता कोपऱ्यात पेटीला टेप लावत होती. तिचा टेप मधेच थांबला होता, तो चर्रकन पुढे सरकला.

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं. आपल्याकडे उष्टावणाला पहिला घास मामा भरवतो. लहानपणापासून पाहिलेलं. भाचरू मामाच्या मांडीवर, चांदीच्या वाटीत खीर. त्यात विचार करण्यासारखं काय आहे? मी उत्साहात म्हटलं, "आणि सृजनाचं उष्टावण तिथेच हॉलमध्ये करू! पहिला घास मामाचा, मग बापाचा!"

बिष्णू उठला. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "आमच्या घरी पहिला घास आजोबा देतात. तो माझ्या बाबांचा मान आहे, दिदी. त्यांचं घर गेलं, शाळा गेली. आता हेही यालाच द्यायचं?" आणि तो गेला. त्याच्यामागून खेम. आंबे, कुत्रा आणि आम्ही दोघी राहिलो.

म्हणजे मी काय केलं होतं? नाशिकच्या दलालाची पोर मी, समोरच्याने मागितलेलंही नसताना त्याला सगळ्यात मोठं बोट देऊन बसले, आणि तेही दुसऱ्याच्या मुठीतलं. इतका वाईट सौदा मी आयुष्यात केला नव्हता. सरिताने काही बोल लावला नाही. फक्त म्हणाली, "तुमच्याकडे मामा देतो का? छान आहे." त्या 'छान आहे'ने मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी खेमच्या गोदामावर गेले. तो फाटकाशी टाय लावून उभा होता, डबा खायची सुट्टी होत होती. मी सरळ विषयाला हात घातला. "खेमभाऊ, काल मी तुम्हाला जे दिलं ते फुकट दिलं. त्याची किंमत द्यावी लागेल."

"काय किंमत?"

"ते मला काय माहीत? तुम्हाला माहीत असणार."

त्याने टायची गाठ सैल केली. मग म्हणाला, "मास्तरांनी मला अक्षर शिकवलं. त्या सकाळी ते सामान घेऊन माझ्या दारावरून गेले. त्यांनी कडी वाजवली. मी आत होतो. बाहेर आमचेच लोक उभे होते. मी दार उघडलं नाही."

याच्यावर एखादी शहाणी बाई काहीतरी समजुतीचं बोलली असती. मी चिडले. "मग मला काय सांगता? मला सांगून काय उपयोग? मी आंबे विकते!" पर्समध्ये कॉलिंग कार्ड होतं, घरी फोन करायला आपण सगळे घेतो तसलं, कोरं, अजून न खरवडलेलं. ते त्याच्या हातात कोंबलं आणि गाडीत येऊन बसले. दार आपटलं. रागाने की कशाने, ते मी स्वतःला विचारलं नाही.

बुधवारी तिकडे सभागृह बसायचं होतं. बसेचना. अमक्या कलमावर अडलंय, तमक्या पदावर अडलंय. गॅरेजमध्ये आम्ही रेडिओ लावून बसलो होतो, हातातली पेटी भरली जात नव्हती. हॅरोचा एक दुकानदार मालासाठी फोन करत होता, मी त्याला म्हटलं, "थांब रे बाबा, इथे देश व्हायचाय." नवरा कामावरून आला तो बॅग न ठेवता तसाच दारात उभा राहिला. आणि संध्याकाळी झालं, राजा गेला! सरिता नेपाळीत काहीतरी ओरडली, मी मराठीत ओरडले, लेक जिन्यावरून काय झालं काय झालं करत आली. सरिताने माझ्या गळ्याला मिठी मारली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत आंबे होते.

त्या संध्याकाळी मला माझे वडील फार आठवले. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळचं ते सांगायचे. एरवी एकमेकांच्या सभा उधळणारे पक्ष एका मांडवात, एका सतरंजीवर. वडील तेव्हा पोरसवदा होते. त्या सतरंजीच्या कडेला बसायला मिळालं याचा त्यांना मरेपर्यंत अभिमान होता. मी विचारायचे, "आणि राज्य झाल्यावर?" ते हसून म्हणायचे, "झाल्यावर पुन्हा भांडले की! पण भांडायला घर आपलं होतं." लहानपणी मला हे उत्तर पळपुटं वाटायचं.

आमच्या मंडळांचं विचाराल, तर यंदा शुभदाचा निरोप आलाय, एकत्र येऊ या म्हणून. मी अजून उत्तर दिलेलं नाही. माझी किंमत तिला ठाऊक आहे. ती तिने तोंडाने म्हटल्याशिवाय मी मूठ उघडणार नाही. दुसऱ्यांच्या एकीने मी नाचते आणि स्वतःच्या दारात पाय रोवून उभी राहते, हे मला दिसतं. पण ज्याचं लागलेलं असतं त्यालाच ते कळतं, आणि म्हणूनच बिष्णूचं उठून जाणं त्या गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त मला कळलं होतं.

गुरुवारी सरिता कामाला आली ती डोळे सुजवून आणि हसत. खेमने मास्तरांना फोन केला होता. आधी नाव सांगितलं, मग त्या सकाळच्या बंद दाराचं.  त्यावर मास्तर म्हणाले, "मान माझा आहे. तो मी सोडत नाही. पण माझा हात तिथवर पोचत नाही. तेव्हा माझ्या वतीने तू दे. मी फोनवर ऐकेन."

"आणि बिष्णू?" मी विचारलं.

"बाबांचा शब्द मोडणार नाही. पण येईन असंही म्हणाला नाही."

शनिवारी पॅमने स्वतः खुर्च्या मांडल्या. पक्षाचे झेंडे खरोखर डिकीत राहिले. मी दोन्ही गाड्या उघडून पाहिल्या. भिंतीवर त्या दोन टोकांचा लाल झेंडा, किचनमध्ये डाळीला फोडणी, मुळ्याचं लोणचं, मी कापलेले आंबे, आणि माणसंच माणसं. गुरखा पलटणीत आयुष्य काढलेले म्हातारे छाती काढून, नर्सेस, विद्यार्थी, गालांवर रंग लावलेली पोरं. भाषणं नाहीत म्हणून सगळे एकदमच बोलत होते. हॉल नुसता उकळत होता. मधोमध चटई, तिच्यावर लाल कपड्यांत सृजना सरिताच्या मांडीवर, समोर पितळेच्या वाटीत भात. खेम टाय काढून बसलेला. बिष्णूचा पत्ता नाही.

सरिता दाराकडे बघत नव्हती. न बघण्यासाठी तिला किती जोर लावावा लागतोय ते तिच्या मानेवर दिसत होतं. फोन लागला होता, मास्तर लाइनवर होते, तो फोन सरिताने माझ्याकडे दिला. मला नेपाळी येत नाही. मी आपली कानाला लावून उभी. पलीकडे नुसता एक संथ श्वास.

मग दार उघडलं. बिष्णू किचनच्याच कपड्यांत आला होता, शिफ्टवरून थेट. तो कुणाशी बोलला नाही. चटईवर येऊन बसला आणि पोरीला सरिताच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतलं. म्हणजे भरवणाऱ्याला आता त्याच्याच समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असं बसणं भाग होतं. खेम सरकला. हॉल हळूहळू गप्प झाला.

खेमने दोन बोटांवर भात घेतला. पोरीने ओठ मिटले. त्याने पुन्हा नेला, तिने मान फिरवली. तिसऱ्यांदा तिने तो भात हाताने उडवला, तो बिष्णूच्या बाहीवर. कुणी हसलं नाही. खेमचा हात मधेच राहिला, पुढेही नाही, मागेही नाही.  तो हात आता मागे जाणार, असं मला स्पष्ट दिसलं. माझ्या जिभेवर काहीतरी आलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी ते गिळलं.

"कोरडा आहे," बिष्णू म्हणाला. वाटीकडे बघत. स्वयंपाक्याचा आवाज, किचनमध्ये हाताखालच्या माणसाला सांगावं तसा. आणि मग, थोडं थांबून, "दूध घाला त्यात, दाइ. थोडं कालवा."

सरिताने तोंडावर पदर धरला. खेमने दूध घातलं, कालवलं, निम्मं वाटीबाहेर. बिष्णूने पोरीची हनुवटी हलकेच धरली. घास आत गेला. सृजनाने डोळे बारीक केले, जीभ बाहेर काढली, आत घेतली, आणि गिळला.

मग जो गलका झाला! म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या, बायकांनी गाणं धरलं, पॅम कारण न कळता टाळ्या पिटत होती. फोनमधून मास्तर काहीतरी विचारत होते, पुन्हा पुन्हा, एकच प्रश्न. त्या आवाजात तो बिष्णूला ऐकू जाईना, खेमला ऐकू जाईना. फोन माझ्या हातात. शब्द मला कळत नव्हते. पण नातीला दुसऱ्याच्या हातून घास भरवून दूर बसलेला म्हातारा माणूस दुसरं काय विचारणार? मी फोन तोंडाशी घट्ट धरला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून, मराठीतच ओरडले, "खाल्ला, मास्तर! खाल्ला!"

पलीकडचा प्रश्न थांबला. आणि मग ते हसायला लागले.